माणसांनी चिंचेखाली बसावं

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बाई चंद्रपूरला माझ्याकडे राहायला आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन लुगडी, तांदळाची पुरचुंडी आणि वसतिगृहाच्या फाटकाचं कुलूप होतं. वसतिगृह बंद पडून बरीच वर्षं झाली. इमारत आहे, फाटकही आहे, पण आत आता शेळ्या बांधतात. कुलूप कशाला आणलं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "घरी ठेवलं असतं तं कोनी भंगारात इकलं असतं." मग ते माझ्या फ्रिजवर ठेवून त्या भाजी काय आहे ते बघायला आत गेल्या.

बाई म्हणजे आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकीण. कागदावर तेवढंच. खरं तर आमचे केस, आमचे ताप, आमच्या रडारडी आणि फाटकाची किल्ली, सगळं त्यांच्याकडे होतं. अहेरीच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून ते मुलींचं वसतिगृह. माझं गाव मुलचेऱ्याकडचं, धानाचं. बापानं मला सहावीत तिथं आणून सोडलं आणि बारावीपर्यंत मी बाईंच्याच हातचं खाल्लं. बाईंना मूलबाळ नाही, असं लोक म्हणतात. आमच्यापैकी एखादीसमोर म्हणून बघावं, भांडणच होईल.

बाईंचा एक कायदा होता. पुरुष, म्हणजे आमच्या बोलीत नुसता 'माणूस', फाटकाच्या आत येणार नाही. बाप असो, भाऊ असो, शाळेचा शिपाई असो. फाटकाबाहेर मोठी चिंच होती. "माणसाईनं चिंचेखाली बसावं," असं बाई आतूनच ओरडत आणि आलेला माणूस मुकाट्यानं बसे. त्याला पाण्याचा लोटा जाई, जेवायची वेळ असली तर ताटही जाई. आत घ्यायचं नाही, पण हाकलायचंही नाही, असा तो कायदा.

मग त्या माणसानं घरून आणलेली खूण आत पाठवायची. आईची बांगडी, बापाचा दुपट्टा, बंगाली पोरींच्या घरून मुरमुऱ्यांचं गाठोडं. आमच्यात कोणी गोंडी बोले, कोणी बंगाली, सिरोंच्याकडच्या पोरी तेलुगू. बाईंना सगळ्यांची भाषा कळत नसे आणि नुसत्या तोंडाच्या बोलण्यावर त्यांचा भरवसा नसे. पोरीनं खूण हातात घेऊन "आमच्याच घरची होय" म्हटलं की फाटक उघडायचं.

एकदाच हा कायदा फसला. आमच्या वर्गात एक पोरगी होती, लहानखुरी, घरच्या आठवणीनं सदा कासावीस. खेळायच्या वेळी ती बाईंजवळ बसून तांदळातले खडे निवडायची आणि बदल्यात बाई तिला भाताच्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाला लागलेली खरपुडी द्यायच्या. आम्ही जळायचो. बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर तिचा काका आला. चिंचेखाली बसला, पाणी प्याला आणि आत तिच्या आईची चुन्याची डबी पाठवली, झाकण चेपलेली. आई बिमार आहे, म्हणाला. पोरीनं डबी पाहिली आणि मुठीत घट्ट धरली, कारण तिची आई ती डबी कमरेची कधी सोडत नसे. "माह्या मायचीच होय," ती म्हणाली. बाईंनी फाटक उघडलं.

आई ठणठणीत होती. डबी काकानं उचलून आणली होती आणि तिकडे लग्न ठरवून ठेवलं होतं. हे बाईंना पुढं बाजारात कोणाकडून तरी कळलं. त्या दिवशी पहिल्यांदा वसतिगृहात भात करपला. त्यानंतर बाईंनी खूण घेणंच बंद केलं. ज्याची पोर असेल त्याच्या घरच्या बाईनं स्वतः यावं, नाहीतर रिकाम्या हातानं जावं. आणि इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणीही भेटायला गेलं की बाईंचा पहिला प्रश्न एकच असे, "तिची काई खबर?" कोणाची ते सांगावं लागत नसे. ती घुग्घुसकडे दिली एवढंच कोणाला तरी माहीत होतं. बाईंना वाटे, ती आपल्यावर रागावून आहे. मेलीबिली असती तर कळलं असतं, म्हणजे जिवंत आहे. जिवंत आहे आणि येत नाही, म्हणजे रागच. हा त्यांचा हिशेब होता आणि तो मोडून काढणारं माझ्याकडे काही नव्हतं.

मी घरी बसून वेबसाइटी बनवते. लोकांची दुकानं, शाळा, लग्नाचे हॉल. बाई यायच्या आधीच मी आमच्या वसतिगृहाच्या पोरींसाठी एक साइट बनवली होती. फोनवरचे ग्रुप तीन पिढ्यांचे तीन, त्यात दुसऱ्याच मिनिटाला गुड मॉर्निंगची फुलं. मला एक जागा हवी होती जिथं सगळ्या पोरी येतील, जुने फोटो टाकतील, बाईंसाठी आवाजात निरोप ठेवतील. बाईंना कौतुक वाटलं, पण त्यांच्या मनात ती एकच पोरगी होती. "थे येईन का याच्यावर?"

"लिंक फिरत फिरत तिच्यापर्यंत गेली तं येईन थे," मी म्हटलं.

पण येणार कशा? नावनोंदणीला पासवर्ड होता. पोरी पासवर्ड ठेवत आणि विसरत. रोज फोन: ताई, माझा पासवर्ड काय होता? तो मलाही दिसत नाही, हे सांगून सांगून माझ्या नाकी नऊ आले. एकीनं तर रागावून विचारलं, "तूच बनवली न साइट? मंग तुले कसा दिसत नाई?" शेवटी मी ठरवलं की पासवर्डच काढून टाकायचा. प्रत्येकीच्या फोनमध्ये मेलचं खातं असतंच. एक बटण ठेवायचं, ते दाबलं की माझी साइट त्या मेलवाल्या कंपनीला विचारेल, ही कोण? कंपनी सांगेल, ही अमुक, हा तिचा फोटो. मग साइट दार उघडेल.

ऐकायला सोपं. करताना कंपनी आधी माझीच ओळख मागते. मग परतीचा पत्ता नोंदवा, म्हणजे ओळख पटल्यावर माणसाला परत कुठं पाठवायचं तो. त्यात शेवटची एक तिरकी रेघ जास्त पडली तरी ती ओळख दाखवत नाही. ती रेघ शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली आणि मी लॅपटॉपला जे बोलले ते बाईंनी ऐकलं. ऑपरेशन होऊन त्या खाटेवर पडल्या होत्या, डोळ्याला काळा चष्मा.

"कोनाले शिव्या देऊन राह्यली?"

मी समजावून सांगितलं. "म्हंजे खूण," त्या म्हणाल्या.

"हाव बाई. खूणच."

"खुणेवर भरोसा नोको ठेवू, पोरी."

एवढंच म्हणून त्यांनी कूस बदलली. मला ते लागलं. त्यांच्या मनातून ती डबी गेली नव्हती, इतक्या वर्षांनीही नाही. मग त्यांच्या समाधानासाठी मी एक पायरी वाढवली. कंपनीनं ओळख दिली तरी लगेच आत जायचं नाही. आधी बाई बघणार. त्यांच्यासाठी मी माझ्या जुन्या फोनवर एक पान केलं: आलेल्याचा मोठा फोटो आणि खाली दोन जाडजूड बटणं, 'येऊ दे' आणि 'नाई'. आणि 'नाई' दाबल्यावर समोरच्याला काय दिसावं? बाईंना विचारलं तर त्यांना विचारच करावा लागला नाही. "माणसाईनं चिंचेखाली बसावं." मी ते जसंच्या तसं टाकलं. मला गंमत वाटली होती.

बाई खूश झाल्या. पुन्हा फाटक मिळालं. सकाळी चहा झाला की फोन मांडीवर घेऊन खिडकीशी बसायच्या आणि मी माझ्या कामाला लागायचे. मधूनच त्यांचा आवाज येई, "हट्! कोन होय हा?" मी लक्ष दिलं नाही. तेवढं करमणुकीचं आहे त्यांना, म्हटलं, करू दे.

एक माणूस मात्र रोज यायचा. काळा गॉगल, कोळशाच्या ट्रकला टेकून उभा, अंगठा वर केलेला. बाई 'नाई' दाबत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच ट्रक, तोच अंगठा.

"पक्का टपोरी दिसते," बाई म्हणाल्या.

मुलींच्या साइटवर रोज डोकं घालणारा हा कोण भुक्कड, म्हणून माझंही डोकं फिरलं. "थांबा, याले कायमचा बंद करून टाकू," मी म्हटलं आणि फोन घ्यायला हात पुढं केला. एकदा बंद केलं की त्याला बटणसुद्धा दिसलं नसतं.

बाईंनी फोन मागं घेतला. "काऊन?"

"रोज त्रास देऊन राह्यला, बाई."

"त्रास कायचा? येते, बसते, जाते. चिंचेखाली बसलेल्याले हाकलत नाई."

"इथी कुठी चिंच हाये?"

"तूच तं लावली न," त्या म्हणाल्या.

मी चिडून लॅपटॉपकडे वळले. माणूस रोज येत राहिला आणि बाई रोज त्याला बसवत राहिल्या.

साइटवर मात्र शुकशुकाट. मोजक्या चारदोन पोरी आत, बाकी कोणी नाही. मला वाटलं, पोरींना पडलेलीच नाही. संसार, पोरंबाळं, कोणाला वेळ आहे. मनातल्या मनात माझं एकेकीला सुनावूनही झालं. आणि मग मुलचेऱ्याकडच्या एका बंगाली मैत्रिणीचा फोन आला. ती हसत होती की रडत होती कळेना.

"तू मले चिंचेखाली बसवलं! आपल्याच वसतिगृहाच्या बाहेर!"

"तुले? कधी?"

"चार खेपा झाल्या. अन् माह्या जावेले पण, थे बी आपल्यातलीच."

मी बाईंचा फोन घेतला आणि नाकारलेल्यांचे फोटो एकेक करून पाहिले. सगळे पुरुष. लग्नातला फेटा घातलेला एक, पोराला खांद्यावर घेतलेला एक, क्रिकेटची बॅट धरलेला एक. आणि एकच मिशीवाला तर किती वेळा तरी. तो मी ओळखला. अहेरीच्या बाजारातला मोबाईलवाला. जो फोन विकतो त्यात स्वतःचंच खातं टाकून देतो, कोण कशाला नवीन बनवत बसेल! त्याच्याकडून फोन घेतलेल्या साऱ्या पोरी माझ्या साइटच्या लेखी एकच मिशीवाला होत्या.

मी कपाळावर हात मारला. आमच्या पोरींच्या हातात फोन आहे, पण फोनमधलं खातं नवऱ्याचं, भावाचं, नाहीतर दुकानदाराचं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या स्वतःच्या आईच्या फोनमध्ये माझ्या भावाचा फोटो आहे. पण काम करताना मी फक्त माझ्यासारख्या बायका डोळ्यांसमोर आणल्या होत्या, ज्यांचं खातं त्यांचंच असतं.

"बाई, ह्या आपल्याच पोरी होत."

बाईंनी चष्मा वर करून फेटेवाल्याकडे पाहिलं. "हे?"

"हे नाई. याची बायको."

बाईंनी चष्मा पुन्हा खाली केला. मग हळूच त्यांनी विचारलं, "मी किती पोरी बाहेर बसवल्या?" मी म्हटलं, बसवल्या ना, हाकलल्या तर नाहीत. पण त्यांचा चेहरा उतरला तो उतरलाच. दुपारी जेवल्या नाहीत. ज्या बाईनं आयुष्यभर फाटक सांभाळलं, तिनं एकदा नको तेव्हा उघडलं आणि आता उघडायला हवं तेव्हा बंद ठेवलं. तसं त्यांना वाटत होतं, मला दिसत होतं. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, पण बाईंना असलं आवडत नाही. मी जाऊन शेजारी बसले, एवढंच.

थोड्या वेळानं त्याच बोलल्या. "त्याले इचार न, कोनासाठी आलास. चिंचेखालच्याले मी इचारतच होती."

बरोबर होतं. कंपनी फक्त सांगते की फोन कोणाचा. फोन कोणाच्या हातात आहे हे तिला कुठं ठाऊक? त्या संध्याकाळी मी साइट बदलली. आता ओळख दिल्यावर आणखी एक पान उघडे, त्यावर माईकचं चित्र आणि एक ओळ: 'तू कोण? बाईंना आवाजात सांग.' मिशीवाल्याच्या एकाच खात्यात अडकलेल्या पोरींना वेगवेगळं करायला मला बराच खटाटोप पडला, पण तो सांगण्यात अर्थ नाही. आणि बाहेर बसलेल्या सगळ्यांना मी निरोप पाठवला, पुन्हा एकदा फाटकावर या.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी बसून बाई आवाज ऐकू लागल्या. फेटा म्हणाला, "बाई, मी, उवांचं औषध लावलं की बोंबलणारी." क्रिकेटवाला म्हणाला, "बाई, तुमच्या हातची आंबाडीची भाजी मले अजून जमत नाई." बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या, आणि डोळ्याला पाणी लागू देऊ नका असं डॉक्टरनं सांगितलं होतं म्हणून मी चिंतेत होते. 'येऊ दे', 'येऊ दे', 'येऊ दे'. जुन्या फोनचं बटण रुतेल असं त्या दाबत होत्या.

मग ट्रक आला. गॉगल, अंगठा. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि माईकवर बोट ठेवलं.

आधी नुसता श्वास ऐकू आला. मग बारीक आवाज, जो मी इतक्या वर्षांनी ऐकूनही ओळखला.

"बाई. मी होय. खडे निवडनारी. हा माहा नवरा होय, ट्रक चालवते घुग्घुसले. फोन त्याचा हाये. बाई, रोज मी बटन दाबो अन् रोज लिहून ये, माणसाईनं चिंचेखाली बसावं. पहिल्या दिवशी वाचलं तं मी रडली. मले वाटलं होतं बाई गेली असन. कोनी काई सांगत नोतं. हे वाचलं तं समजलं, जिती हाये. दुसरं कोन असं लिहीन? मंग मी रोज दाबो. आत येन्यासाठी नाई, बाई. तुमी हाये का ते पाहासाठी. डबीचा राग मनात नोका ठेवजा. मीच तं म्हटलं होतं, मायचीच होय म्हनून."

बाईंनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. पुन्हा. मी रोज दाबो, रोज लिहून ये. ज्या माणसाला मी कायमचा बंद करायला निघाले होते तो माणूस नव्हता, आणि बाईंचा 'नाई' तिच्यासाठी रोजची खुशाली होती. मी चेहरा फिरवून भाजीच्या पिशवीत काहीतरी शोधत बसले, कारण माझंही काही खरं नव्हतं.

बाईंनी 'येऊ दे' दाबलं, हळूच, बोट ठेवून.

घुग्घुस चंद्रपूरहून काही लांब नाही. रविवारी ती आली. अंगानं भरली होती, केसांत पांढरं होतं, पण दारात उभी राहिली ती तशीच, एक पाय दुसऱ्यावर ठेवून. बाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्याजवळ नेला. मग बाई आत गेल्या आणि वाटी घेऊन बाहेर आल्या. माझ्या नॉनस्टिकच्या पातेल्यात भात लागत नाही म्हणून सकाळपासून त्यांची का कटकट चालली होती ते मला तेव्हा कळलं. शेजारणीकडून जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, गंज मागून आणून त्यांनी भात मुद्दाम बुडाला लागू दिला होता. वाटीत खरपुडी होती.

ती खाता खाता रडत होती. बाईंनी विचारलं, "नवरा चांगला हाये?"

"हाव जी. चांगला हाये. बारावीच्या परीक्षेला पण बसवलं त्यानं मले, लगनाच्या दुसऱ्याच वर्षी. पास झाली."

"आला का संगं?"

"आला न. खाली हाये."

"खाली काऊन?"

ती लाजून हसली. "मीच सांगतलं त्याले. बाईच्या घरी माणसाईनं आत जाचं नाई."

आम्ही खिडकीतून पाहिलं. आमच्या इमारतीच्या फाटकाबाहेर चिंच नाही, पिवळ्या फुलांचं पेल्टोफोरमचं झाड आहे. त्याच्याखाली मोटारसायकल उभी करून तो बसला होता, गॉगल लावून. बाईंना जवळचंच दिसत होतं, लांबचं अजून धूसर. "कुठी?" त्या विचारत राहिल्या. मी बोट धरून दाखवलं.

मी पाण्याचा तांब्या भरला. बाईंनी तो माझ्या हातातून घेतला. कठडा धरून, पायरी चाचपत त्या जिना उतरल्या, आम्ही दोघी मागून. इमारतीचं फाटक लोटून त्या बाहेर गेल्या. तो धडपडून उठला, गॉगल काढला आणि पाया पडायला वाकला.

बाईंनी त्याला पाणी दिलं आणि तो पिऊन होईपर्यंत उभ्या राहिल्या. मग रिकामा तांब्या त्याच्याकडून घेतला, फाटक पुरतं उघडून धरलं आणि म्हणाल्या, "चाल बापा. आत ये."